रबराचं वय

आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं ऑइल इंजिन होतं. कुठे पाणी झिरपायला लागलं की वडील त्याच्यापुढे उकिडवे बसायचे, नट सैल करायचे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीने गोल तुकडा कापून वायसर म्हणून आत सारायचे. दोन शिव्या, एक हँडल, आणि इंजिन पुन्हा धडधडायला लागायचं. कुठे नोंद नाही, कुणाची सही नाही. मी मात्र जन्मभर याच्या नेमकं उलट काम केलं. तेच रबर, तेच वायसर. पण एक वायसर बदलायचा तर तीन सह्या.

मी निफाड तालुक्यातला. आय.टी.आय. करून १९७१ साली ओझरच्या विमान कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागलो. कारखान्याचं नाव हिंदुस्थान एरोनॉटिक्स, पण आमच्याकडे ते नाव कुणी घेत नसे. ‘पोरगा मिगला आहे’ एवढं सांगितलं की सोयरीक जुळायची. कारखान्यापायी गावाचंच नाव ‘ओझर मिग’ पडलं, ते अजून तसंच आहे. विमान निवृत्त झालं, नाव राहिलं.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण पुढचं सगळं मला तिच्यामुळेच कळलं. हायड्रॉलिकच्या एका सिलिंडरातून जुनी रबरी रिंग काढायची होती. खाचेत घट्ट बसलेली, बोटाने निघेना. मी खिशातला टोकदार स्क्रायबर घातला आणि उपटली. आमचे उस्ताद पंजाबातले, हवाई दलातून निवृत्त होऊन आलेले. त्यांनी सिलिंडर उजेडाकडे धरला, खाचेत नख फिरवलं आणि मला जवळ बोलावलं. केसाएवढा ओरखडा होता. ‘तुझे रबर निकालना था, लोहा नहीं,’ एवढंच म्हणाले. मिगच्या हायड्रॉलिकमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २१० किलो दाब असतो. त्या दाबाला केसाएवढी वाट मिळाली की नवी रिंगही कुचकामी. सिलिंडर बाद झाला. त्या काळी तेवढ्यावर निभावलं, कारण शेजारच्या मांडणीवर तसे कितीतरी सिलिंडर होते. वीस वर्षांनी तीच चूक झाली असती तर एक विमान महिनोन्‌महिने जमिनीवर बसलं असतं. विमान तेच, सिलिंडर तोच, फक्त मांडणी रिकामी. ताफा म्हातारा होतो म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी ती मांडणी दाखवीन.

हे लढाऊ विमान, मिग-२१, आपल्याकडे आलं ते चीनशी युद्ध व्हायच्या जरा आधी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून, १९६२ च्या ऑगस्टात. पहिली सहा विमानं १९६३ साली चंदीगडला उतरली. त्यांच्यासाठी २८ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी केली, तिचे पहिले प्रमुख विंग कमांडर दिलबाग सिंग; पुढे ते हवाई दल प्रमुख झाले. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं विमान तोवर आपल्या देशाने पाहिलेलं नव्हतं. पण करारातली खरी गंमत विमानात नव्हती, ते इथे बनवायचा परवाना मिळाला त्यात होती. पाश्चात्त्य देश विमान विकायलाच का-कू करत होते, आणि रशियन म्हणाले, आराखडे घ्या.

मग काम तीन ठिकाणी वाटलं गेलं. इंजिन ओरिसात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जुळणी ओझरला. ओझरच का, याचं उत्तर नाशिकमध्ये प्रत्येक म्हातारा देतो : यशवंतराव. चव्हाण १९६२ च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. जिल्ह्याने खासदार दिला, खासदाराने जिल्ह्याला कारखाना दिला, असा सरळ हिशेब लोक मांडतात. माळरान सपाट, पाऊस बेताचा, मुंबई-आग्रा रस्ता दारात, सरहद्द लांब. ही कारणंही खरीच. पण यशवंतरावांचं नाव घेतल्याशिवाय ओझरची गोष्ट सांगितली तर आमच्याकडे कुणी ऐकून घेणार नाही.

१९६६ पासून इथे रशियाहून आलेल्या भागांची जुळणी सुरू झाली. हळूहळू भाग इथे बनायला लागले, आणि मी लागायच्या थोडंच आधी, कच्च्या धातूपासून सगळं इथेच घडवलेली विमानं बाहेर पडू लागली होती. ड्रॉइंगं रशियन. कॉलनीत रशियन तज्ज्ञ बायकामुलांसह राहायचे, आणि आमच्यातली काही पोरं जेवणाच्या सुट्टीत रशियन मुळाक्षरं गिरवायची. ज्यांनी आयुष्यात नाशिक रोड स्टेशनापलीकडे काही पाहिलं नव्हतं ते ‘रेमोंत’ म्हणजे दुरुस्ती आणि ‘चेर्त्योझ’ म्हणजे ड्रॉइंग हे सहज बोलायला लागले. सगळ्यात मजेशीर शब्द ‘पास्पोर्त’. रशियन पद्धतीत विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाला स्वतःचा पासपोर्ट असतो. कुठे जन्मला, कधी, कुठल्या विमानाला लागला, किती तास उडाला, कधी काढला, कुणी तपासला. पासपोर्ट नसलेला पंप कितीही चकचकीत असो, तो भंगार. आमच्यापैकी एकाकडेही स्वतःचा पासपोर्ट नव्हता आणि दिवसभर आम्ही पंपांचे पासपोर्ट भरत बसायचो.

मी लागलो त्याच वर्षी डिसेंबरात युद्ध झालं. १४ डिसेंबरला मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं डागली आणि दोन दिवसांनी शरणागती झाली. कारखान्यात पेढे वाटले. मी तोवर काय केलं होतं? एक सिलिंडर बाद केला होता. पेढा मात्र घेतला.

त्यानंतरची पंधरा वर्षं म्हणजे सुगी. आधीचं एफएल मॉडेल संपून एम आलं, मग बिस. हवाई दलाने एकूण आठशे सत्तरच्या वर मिग-२१ वापरली, त्यातली सहाशेहून अधिक ओझरची. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात शेवटचं बिस बाहेर पडलं. शेवटच्या विमानाला हार घातला, फोटो काढले. आम्हाला वाटलं, एक काम संपलं, आता दुसरं. आणि दुसरं होतंही : मिग-२७ ची जुळणी चालू होती. पण माझी बदली ओव्हरहॉलच्या हँगरमध्ये झाली आणि तिथे मला कळलं, विमान म्हातारं व्हायला लागतं ते त्याची लाइन बंद होते त्या दिवसापासून. तोवर एखादी खास रिंग लागली तर शेकड्याने बनायची. आता वर्षाला चार लागणार. चार रिंगांसाठी साचा कोण चढवणार? दर परवडत नाही, खास प्रतीचं रबर थोडक्यात मिळत नाही, आणि तपासणीचा खर्च चारला तेवढाच जेवढा चारशेला. रशियातही मिग-२१ चं उत्पादन १९८५ ला थांबलं होतं.

लोकांना वाटतं, विमान जुनं झालं म्हणजे पत्रा गंजला, पंख थकले. तेही होतं. धातूला थकवा येतो, चिरा पडतात. त्या शोधायला आम्ही रंग लावून, भिंगातून, क्ष-किरणांनी सगळं तपासायचो. पण धातू तसा प्रामाणिक असतो. तो उडाला तेवढाच थकतो. रबराचं तसं नाही. रबर घरात बसूनही म्हातारं होतं. म्हणून प्रत्येक भागाला दोन आयुष्यं लिहिलेली असतात, एक तासांचं आणि एक वर्षांचं. हँगरमधली भाषा अशी : ‘याचे तास बाकी आहेत, पण कॅलेंडर संपलं.’ एकही तास न उडता, तेल लावलेल्या कागदात गुंडाळून ठेवलेली रिंग एका ठरावीक तारखेला मरते. सीटखालची काडतुसं, जी वैमानिकाला बाहेर फेकतात, तीही तशीच. वाट बघून बघून म्हातारी होतात.

मिगच्या पोटात इंधन असतं ते रबराच्या पिशव्यांत. ही पिशवी बदलायचं काम मी वर्षानुवर्षं केलं. जुनी पिशवी एका छोट्या तोंडातून चुरगाळून बाहेर ओढायची, आतली पोकळी पुसून हाताने चाचपायची, कुठे धार नाही, बुरा नाही हे बघायचं, आणि नवी पिशवी दुमडून आत सोडून आतल्या आत उलगडायची. डोळ्यांना काही दिसत नाही, बोटंच बघतात. आमच्या निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. राज्यातला नीचांक बऱ्याचदा आमचाच. अशा पहाटे रबर ताठ होतं. ताठ पिशवी दुमडली की घडीवर तडा जातो, तो लगेच दिसत नाही, दिसतो तेव्हा विमानात असतो. म्हणून आधी पिशवी गरम हवेने ऊबवायची. मी ऊबवलेल्या पिशवीवर थोडा वेळ गाल टेकवायचो. साहेब म्हणायचे, काय करताय? मी म्हणायचो, मऊ झाली का बघतोय. खरं म्हणजे गाल गार पडलेला असायचा.

इंजिनाचं दुखणं वेगळं. मिग-२१ मध्ये इंजिनाला हात घालायचा तर विमानाची शेपूट काढावी लागते. अक्षरशः. मधल्या एका जोडावरचे बोल्ट सोडायचे, नळ्या, वायरी, दांडे सुटे करायचे, आणि मागचं सगळं धड ट्रॉलीवरून मागे सरकवायचं. मग इंजिन उघडं पडतं. विमान तयार करणाऱ्यांचा त्यात हिशेब होता : लढाईत इंजिन फार टिकणारच नाही, काढा, दुसरं टाका, जुनं कारखान्यात पाठवा. हा हिशेब बरोबरच होता, फक्त तो वर्षाला हजारो इंजिनं ओतणाऱ्या देशाचा होता. आपण तेच विमान साठ वर्षं संसाराला लावलं. त्यामुळे दर ठरावीक तासांनी शेपूट काढा, इंजिन कोरापुटला पाठवा, ते येईपर्यंत दुसरं शोधा, जोडा, चालवून बघा. आणि प्रत्येक वेळी त्या जोडावरचे शेकडो छोटे सांधे उघडतात, मिटतात. उघडताना काही दुखावतात. म्हातारपणात ऑपरेशनची भीती असते ती याच्यासाठी.

मग १९९१ आलं. डिसेंबरात सोव्हिएत संघ संपला. टीव्हीवर झेंडा उतरताना बघितला तेव्हा मला पहिला विचार राजकारणाचा आला नाही, स्टोअरचा आला. तोवर व्यवहार रुपयांत होता, एका देशाशी होता, एका मंत्रालयाशी होता. एका रात्रीत तो देश पंधरा देश झाला. आमच्या दोन आसनी शिकाऊ मिगचा कारखाना तिबिलिसीला. ते गेलं जॉर्जियात. काही कारखाने युक्रेनमध्ये. मिग जिथे बनायची त्या गोर्की शहरात तोवर परक्या माणसाला बंदी होती. त्याचं पुन्हा निझ्नी नोव्हगोरोद झालं आणि दारं उघडली, पण आत पगार थकलेले. नवे दर डॉलरमध्ये आले. शिवाय ज्या माणसाच्या सहीने रिंग निघायची तो माणूस आता कुठे बाजारात चहाची किटली घेऊन उभा असेल तर काय सांगावं. ही माझी कल्पना आहे. पण आमच्या कॉलनीत राहून गेलेल्या रशियनांची आठवण तेव्हा फार यायची.

सुट्या भागांची टंचाई झाली की जगातल्या प्रत्येक जुन्या ताफ्यात एकच गोष्ट घडते : एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावायचं. बाहेरून बघणाऱ्याला हे शहाणपणाचं वाटतं. एक नाही उडालं तरी दोन उडतील. हिशेब करून बघा. एक पंप बिघडला तर नवा लावायला एकदा काढणं, एकदा बसवणं. दुसऱ्या विमानातून घेतला तर दोनदा काढणं, दोनदा बसवणं, दोन विमानांच्या वह्या, आणि काढताना फुटलेल्या रिंगा वेगळ्याच. पंप वाचवायला रिंगा खर्ची पडतात, आणि टंचाई रिंगांचीच असते. हँगरच्या कोपऱ्यात असं एखादं विमान उभं असतं, ज्यातून सगळे उसनं नेतात. आमच्याकडे त्याला सासुरवाशीण म्हणायचे. माहेरहून आणलेला एकेक दागिना जातो आणि शेवटी ती उंबऱ्यातच उभी.

या सगळ्यातून वाट म्हणून १९९६ साली १२५ बिस विमानांचं नूतनीकरण करायचा करार झाला. पहिली दोन निझ्नी नोव्हगोरोदला झाली, बाकीची आमच्याकडे. नाव ठेवलं बायसन. नवा रडार बसला, त्याचं नाव कोप्यो, म्हणजे भाला. नवी क्षेपणास्त्रं, नवा संगणक, फ्रेंच दिशादर्शक यंत्रणा. जुन्या एफएलच्या रडारमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असायचे, आमच्या घरातल्या पहिल्या रेडिओसारखे; आता सगळं चिपवर. वैमानिक खूश होते आणि ते खरंच चांगलं काम होतं, हे मी कारखान्याचा म्हणून सांगत नाही. पण माझ्या वाट्याला आलेला भाग तोच होता. पिशव्या, नळ्या, चाकं. म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून त्याला लख्ख दिसायला लागलं, गुडघे जुनेच.

त्या विमानांपैकी एकाच्या पोटाचा पत्रा उघडला तेव्हा मी थबकलो. रिवेट मारणाऱ्याचा हात ओळखू येतो, जसं पोस्टमनला पत्रावरचं अक्षर. ती रांग आमच्या जुन्या टोळीतल्या एका सोबत्याची होती, शेवटचे दोन रिवेट जरा घाईत मारलेले, जेवणाची शिट्टी झाली असणार. तो सोबती तोवर वारला होता. मी पत्रा लावून टाकला.

अपघातांबद्दल न लिहिता पुढे जाणं लबाडी होईल. वर्तमानपत्रांनी ‘उडती शवपेटी’ हे नाव दिलं आणि ते चिकटलं. मला त्या नावाचा राग यायचा, अजून येतो. पण आकडे रागाला भीक घालत नाहीत. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं की मिग विमानांचे ४८२ अपघात झाले. १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर दलांतले आठ जण त्यात मेले. हे चाळीस वर्षांचे आकडे आहेत आणि सगळ्या मिगचे आहेत, हे मी लोकांना सांगतो. सांगून झालं की माझंच मला ते पोकळ वाटतं.

कारण एक नव्हतं. मिग-२१ला एकच इंजिन, आणि हवा नाकातून घेतं, त्यामुळे गिधाड समोर आलं की थेट पोटात. पंख छोटे, म्हणून उतरतानाही वेग भयंकर, ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. चाकं टेकल्यावर मागे पॅराशूट उघडतं तेव्हा कुठे आवरतं. संथ शिकाऊ विमानावरून उतरलेली विशी-बाविशीची पोरं सरळ याच्यावर चढायची. मधली पायरी म्हणून चांगलं जेट प्रशिक्षण विमान हवं, असं ला फाँटेन समितीने १९८२ साली सुचवलं होतं. ते विमान, हॉक, सेवेत आलं २००८ साली. सव्वीस वर्षं! हलकं लढाऊ विमान करायचं ठरलं १९८३ साली, मिग-२१ ची जागा घ्यायला; ते पहिल्यांदा उडालं ४ जानेवारी २००१ ला. दिल्लीत कागद पुढे सरकला नाही की ओझरला रिंगेची तारीख पुढे सरकवावी लागते. म्हणजे खुशाल सरकवत नाहीत. प्रयोगशाळेत ताणून बघतात, तापवून बघतात, मग आयुष्य दोन वर्षांनी वाढवतात. शास्त्रशुद्धच असतं. पण ते का करावं लागतं याचं उत्तर प्रयोगशाळेत नसतं.

१७ सप्टेंबर २००१ ला सूरतगढला रात्रीच्या उड्डाणात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी जाहीरपणे मिगबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि त्या विचारतच राहिल्या. एका संध्याकाळी टीव्हीवर त्या दिसल्या. मी जेवत होतो. बायकोने वाढता वाढता विचारलं, ‘अहो, ते विमान तुमच्या हातचं होतं का हो?’

मला माहीत नव्हतं. इतके नंबर हाताखालून गेलेले. मी ‘नाही’ म्हणालो, आणि मग ‘माहीत नाही’ म्हणालो. ती काही बोलली नाही. पुढे दोन वर्षांनी, ऑगस्ट २००३ मध्ये, संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस अंबाल्याला दोन आसनी मिग-२१ मध्ये स्वतः बसून उडाले, विमान सुरक्षित आहे हे दाखवायला. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. हँगरमध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पण एका उड्डाणाने काय सिद्ध होतं, हे टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक फिटरला ठाऊक होतं. आमचं काम दर उड्डाणाला पहिल्यापासून सुरू होतं.

मी २०१२ ला निवृत्त झालो. मिग-२१ माझ्यानंतरही तेरा वर्षं टिकलं. ११ डिसेंबर २०१३ ला कलाईकुंड्याला शेवटची एफएल उतरली. बायसनची तारीख पुढे पुढे जात राहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये वैमानिक अभिनंदन वर्धमान पाकिस्तानी विमानांना भिडले ते बायसन घेऊनच, तेव्हा गावातल्या पोरांनी मला चहाच्या टपरीवर उभं करून भाषण करायला लावलं. मे २०२३ मध्ये राजस्थानात हनुमानगड जिल्ह्यात एक बायसन घरावर पडलं. वैमानिक बाहेर पडून वाचला. खाली घरातल्या-शेजारच्या तीन बायका मेल्या. त्या दिवशी मी टपरीवर गेलो नाही.

२६ सप्टेंबर २०२५ चा चंदीगडचा समारंभ टीव्हीवर पूर्ण पाहिला. जिथे पहिली उतरली तिथूनच शेवटची. हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग स्वतः उडाले, ‘बादल’ नावाच्या तुकडीत. उतरल्यावर विमानांवर दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे सोडले. नातू म्हणाला, ‘आजोबा, तुम्ही रडताय.’ मी म्हणालो, ‘अरे, एवढं पाणी मारतायत, चाकांच्या बेअरिंगमध्ये जाईल.’

मला गहिवरून आलं ते फवाऱ्यांना नाही. त्यानंतर प्रमुखांनी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हातात फॉर्म ७०० दिला. बघणाऱ्यांना ती एक फाइल वाटली असेल. फॉर्म ७०० म्हणजे विमानाची वही. उडण्याआधी फिटर तिच्यात सही करतो, मग वैमानिक करतो, आणि दोन्ही सह्या झाल्याखेरीज ते विमान जागचं हलत नाही. मिगबद्दल शंभर पुस्तकं निघतील, पण खरं पुस्तक ते. त्यात शौर्य एका ओळीचंही नाही. अमुक नळी बदलली, अमुक रिंग बदलली, सही, तारीख. साठ वर्षांत अशा सह्या किती झाल्या असतील त्याचा अंदाज करायला बसलो आणि सोडून दिलं.

मिग-२१ गेल्यावर लढाऊ स्क्वाड्रन राहिल्या २९. मंजूर आहेत ४२. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या नव्या लाइनवरचं पहिलं हलकं लढाऊ विमान, तेजस मार्क-१ए, उडालं. मी गच्चीवर होतो. आवाज वेगळा, मिगचा कसा कापड फाडल्यासारखा असायचा, हा जरा घुमतो. शेजारच्या बागेत द्राक्षाची छाटणी चालली होती, बायांनी कात्री थांबवून वर पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या.

दिवाळीत पलीकडच्या गल्लीतला एक पोरगा फराळाला आला. त्याने नुकतं सुखोईच्या ओव्हरहॉलचं काम शिकायला घेतलंय. सुखोई म्हणजे अजून नवं विमान, असं आमच्या डोक्यात बसलेलं आहे. पण ओझरची पहिली सुखोई २००४ ची. म्हणजे एकवीस वर्षं झाली. मी त्याला विचारलं, रिंगा निघतात का? तो म्हणाला, ‘काका, काही काही खाचेत अशा चिकटून बसतात, निघता निघत नाहीत. तुम्ही कशाने काढायचा?’

मी आत जाऊन कपाटातला डबा आणला. पितळेचे दोन आकडे आहेत त्यात, मीच टोकं घासून बोथट केलेले. त्याला दिवाणखान्यातल्या उजेडात बसवलं. बायको म्हणाली, ‘आधी त्याला चकली तरी खाऊ द्या.’ घरात दुसरं काही मिळेना, म्हणून कुकरचं झाकण आणून ठेवलं आणि त्याची रबरी रिंग कशी उचलायची ते दाखवायला लागलो.